बिघाड रजिस्टर

काल रात्री लिनक्सनं विचारलं, नवं काही बसवायचंय, बसवू का?
मी हो म्हणालो. न वाचता.
सकाळी वायफाय नाही.
वर कोपऱ्यात तीन कमानी असतात ना एकात एक,
त्यांच्यावर फुली.

पाथर्डी फाट्याला जानेवारीत साडेसहाला अंधारच असतो,
पांडवलेणीचा डोंगर अजून कुणी जागेवर आणून ठेवलेला नसतो.
कानटोपी, चहा, आणि हा लॅपटॉप.
केतकी सोडून गेली तो. म्हणाली,
बाबा, याला विंडोज पेलत नाही आता, हे घालून देते, हलकं आहे.
जाताना एक वही दिली, आज्ञांची.

एकतीस वर्षं सातपूरला मेंटेनन्समध्ये काढली.
मशीन अडलं की आधी कान लावायचा.
बेअरिंग गेलं तर कण्हतं,
पट्टा सैल झाला तर फटके मारतो,
मोटर जळायच्या आधी वास तरी सोडते.
हे काहीच करत नाही.
काळी पाटी, पांढरी अक्षरं,
आणि एक रेघ डोळा मारत बसलेली: बोला.

तरी क्रम तोच. आधी सप्लाय, मग फ्यूज, मग वायर, मग अक्कल.
राउटरचे चारही दिवे हिरवे.
वैजयंताचा मोबाइल चालू, त्यात एक बाई तिळाच्या वड्या थापतेय.
म्हणजे गावात लाइट आहे,
आमच्याच घरची नाही.

कार्ड दिसतं का? दिसतं.
ड्रायव्हर? हजर.
आसपासची नेटवर्कं? एकही नाही.
एरवी इथं बाजार भरलेला असतो:
बोरस्ते वरचा मजला, द्राक्षबाग फाइव्ह जी,
आणि 'पासवर्ड मागू नये'. हे खैरनारांचं.
मी एकदाच मागितला होता.

जुन्या कर्नलवरून चालू करून पाहिलं. सव्वाआठ. तेच.
नव्यावर परत आलो. तेच.
चहावर साय आली, ती बोटानं काढून बशीत ठेवली.

वहीतली शेवटून दुसरी ओळ: आरएफकिल लिस्ट.
सॉफ्ट ब्लॉक: नाही.
हार्ड ब्लॉक: होय.
खाली केतकीच्या तिरक्या अक्षरात,
हार्ड असेल तर आज्ञा चालत नाही. बटण शोधा.

डोळ्यांना दिसेना. बोटानं शोधलं.
शाफ्टवरचा केसाहून बारीक ओरखडा
या बोटाला कळायचा एके काळी.
पुढच्या कडेला, खालच्या अंगाला,
तिळाएवढं, काळ्यावर काळं, डावीकडे सरकलेलं.
काल भोगीची आवराआवर म्हणून
मीच पुसला होता लॅपटॉप, ओलं फडकं घेऊन, जोर लावून.

टिक्.
सबंध सकाळीतला पहिला आवाज.

आणि मला निमसे आठवला.
एकोणीसशे अठ्ठ्याण्णव, दुसरी पाळी.
तीन तास मशीन बंद, आम्ही पॅनल उघडून बसलेलो,
आणि निघालं काय, तर इमर्जन्सीचं लाल बटण
त्याच्या कोपरानं दाबलं गेलेलं.
वीस वर्षांचं पोरगं. साहेब, मला कळलंच नाही, म्हणाला.
मी म्हणालो, कळत नाही तर हात खिशात ठेव.
मेमो माझ्याच अक्षरात होता.
दोन दिवसांचा पगार गेला त्याचा.
पुढं तो अंबडला कुठंतरी लागला असं ऐकलं.
पाहायला गेलो नाही.

जुनी सवय म्हणून वहीच्या मागच्या पानावर रकाने आखले.
दिनांक. बिघाड: नाही. उपाय: बटण.
वाया गेलेला वेळ: एक तास पन्नास मिनिटं.
ऑपरेटरचं नाव,
इथं पेन टेकवलं आणि शाई पसरत गेली.

कमानी एकेक करून उजळल्या.
बोरस्ते आले, खैरनार आले,
उन्हासोबत डोंगरही आला.
आतून वैजयंता, झालं का सुरू?
झालं.
काय झालं होतं?